वर्गात थेट इंटरनेट की शाळेतच सर्व्हर? निवड करण्याआधी दोन्हींची तुलना

शाळेत इंटरनेटवर शिकवायचं ठरलं की पहिली चर्चा प्लॅनची होते: १०० एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट; ८ मेगाबिट म्हणजे १ एमबी) घ्यावा की २००? त्याआधी एक वेगळी गोष्ट ठरवायला हवी. वर्गात लागणारं साहित्य दर तासाला बाहेरून आणायचं, की एकदाच उतरवून शाळेतल्या लहानशा सर्व्हरवर, म्हणजे साहित्य साठवून बाकी उपकरणांना देणाऱ्या संगणकावर, ठेवायचं? शिक्षकाचा तास कसा जाईल आणि कुठे अडेल, हे बरंचसं या निवडीवर ठरतं.

थेट पद्धतीत प्रत्येक मुलाचं उपकरण वाय-फायवरून राउटरला आणि तिथून बाहेरच्या सेवांना जोडलेलं असतं. व्हिडिओ, ऑनलाइन चाचणी, एकत्र लिहायचा दस्तऐवज, व्हिडिओ कॉल, सगळं त्याच वाटेने येतं. सर्व्हर पद्धतीत रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक किंवा एखादा जुना लॅपटॉप शाळेत चालू ठेवतात आणि त्यावर कोलिब्री व किविक्स ही सॉफ्टवेअर बसवतात. कोलिब्रीत धडे, व्हिडिओ, सराव आणि मुलांच्या प्रगतीच्या नोंदी असतात. किविक्स विकिपीडियासारखी संकेतस्थळं साठवून इंटरनेटशिवाय दाखवतं. दोन्ही मोफत आहेत. मुलं ब्राउझरमध्ये शाळेतलाच पत्ता टाकतात, बाहेरची लाइन बंद असली तरी पान उघडतं.

एकाच मिनिटाला किती जण क्लिक करतात?

४८०पी, म्हणजे मध्यम स्पष्टतेच्या, व्हिडिओला साधारण १ एमबीपीएस लागतो असं धरू. १० मिनिटांचा धडा म्हणजे ७५ एमबी. ४० मुलांनी तो आपापल्या उपकरणावर एकदम सुरू केला, तर सलग १० मिनिटं ४० एमबीपीएस हवेत आणि ३ जीबी डेटा जातो. शेजारच्या वर्गात तोच तास चालू असेल तर दुप्पट. सर्व्हरवर हाच धडा एकदाच, ७५ एमबीत उतरतो, तोही रात्रीच्या वेळी संथ लाइनवर. पुढे कितीही वर्गांनी कितीही वेळा पाहिला तरी बाहेरचा डेटा शून्य.

‘मध्ये प्रॉक्सी (बाहेरून येणारी पानं साठवून पुन्हा देणारा मधला संगणक) लावला की पाने आपोआप साठतील’ असा सल्ला अजून मिळतो. तो जुन्या काळचा आहे. आता बहुतेक सगळी संकेतस्थळं एचटीटीपीएस या सुरक्षित पद्धतीवर चालतात. तो मजकूर कूटबद्ध असल्यामुळे साधा प्रॉक्सी तो वाचू शकत नाही, मग साठवणार काय? साहित्य मुद्दाम निवडून उतरवावंच लागतं.

लाइन तपासायची तर शिक्षकाच्या एकट्या लॅपटॉपवर वेगमापक चालवून काही कळत नाही. पूर्ण वर्ग बसवा, सगळ्या उपकरणांवर एकाच क्षणी एकच व्हिडिओ लावा आणि पाच मिनिटं थांबा. किती पडद्यांवर चक्र फिरतंय ते मोजा. व्हिडिओ कॉल करायचे असतील तर अपलोडचा आकडा वेगळा बघा. बऱ्याच जोडण्यांत तो डाउनलोडपेक्षा फार कमी असतो आणि बोलणं तुटतं ते तिथेच.

आणखी एक अडचण लाइन वेगवान असूनही येते. शाळेतली सगळी उपकरणं बाहेरच्या जगाला सहसा एकाच आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या ओळख-क्रमांकावरून) दिसतात. ४० मुलांनी एकदम लॉगिन केलं की काही सेवांना ते यंत्राचं काम वाटतं आणि चित्रं ओळखायची कोडी समोर येतात. तुकडीला दहा-दहाच्या गटांत लॉगिन करायला लावलं तर हा त्रास कमी होतो.

वाय-फायचं दुखणं दोन्हीकडे सारखंच

सर्व्हर घेतला म्हणजे वाय-फाय सुधारलं, असं होत नाही. घरगुती राउटर एका वर्गाच्या गर्दीत धापा टाकतो. रास्पबेरी पायचा स्वतःचा वाय-फाय तर मोजक्याच उपकरणांपुरता असतो, त्याच्यावर वर्ग चालवू नका. पायच्या इथरनेट पोर्टला (तारेच्या जोडणीला) वेगळा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पुरवणारं यंत्र, जोडा आणि तो ५ गिगाहर्ट्झवर चालवा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या आड न येणारी चॅनल तीनच आहेत, १, ६ आणि ११. ओळीने चार वर्गांत चार ॲक्सेस पॉइंट लावले की निदान दोघे तरी एकाच चॅनलवर येतात आणि दोघांचाही वेग पडतो.

शिकवण्यात नेमकं काय बदलतं?

सरावाचा तास घ्या. एक मुलगी १/२ + १/३ चं उत्तर २/५ देते: अंशात अंश, छेदात छेद मिळवून. वहीत ही चूक तपासणीपर्यंत दडून राहिली असती आणि तोवर तिने तशीच आणखी गणितं सोडवली असती. कोलिब्रीच्या सरावात उत्तर चुकल्याचं लगेच कळतं आणि संकेत मागता येतो. शिक्षकाच्या पानावर कोणता प्रश्न कितीजणांना अडला आणि कोणी कितीदा प्रयत्न केला, हे दिसतं. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच सहा-सात मुलांचा गट करून छेद समान करणं पुन्हा शिकवता येतं. नोंदीचं हे काम सर्व्हर आणि थेट सेवा सारख्याच ताकदीने करतात, त्यासाठी बाहेरची लाइन लागत नाही. लक्ष ठेवायचं ते एका गोष्टीवर: काही मुलं एकामागोमाग एक संकेत दाबत शेवटी आयतं उत्तर गाठतात. म्हणून केवळ ‘पूर्ण’ हा शेरा बघू नका, प्रयत्नांची नोंद उघडून बघा.

लेखनाचा तास मात्र थेट इंटरनेटचाच. गूगल डॉक्ससारख्या दस्तऐवजात चौघे मिळून निबंध लिहितात आणि शिक्षक लिखाण चालू असतानाच समासात शेरा टाकतो. परिच्छेद कोणी लिहिला आणि कोणी खोडला, हे आवृत्तींच्या इतिहासात पाहता येतं. तपासणी निबंध संपल्यावर होण्याऐवजी निबंध घडताना होते. इंटरनेटने शाळेत आणलेला हा सगळ्यांत मोलाचा बदल आहे असं आम्हाला वाटतं. गंमत म्हणजे त्याला बँडविड्थ (लाइनची क्षमता) फार थोडी लागते, कारण जातो-येतो तो मजकूर. दुसऱ्या शाळेतल्या वर्गाशी बोलणं, तज्ज्ञाला प्रश्न विचारणं, ताजी माहिती शोधणं, हेही थेट जोडणीशिवाय जमत नाही.

विज्ञानाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, या दोन्हींच्या मध्ये मोडतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाची, ब्राउझरमध्ये चालणारी एचटीएमएल५ सिम्युलेशन्स एकेका फाइलच्या रूपात उतरतात. पेन ड्राइव्हवरून उपकरणात टाकली की झालं, ना सर्व्हर लागतो ना लाइन. मुलांना प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या स्क्रॅचलाही इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्ती आहे.

काय बिघडतं आणि का

थेट पद्धतीत बिघाड बहुधा शाळेबाहेरचा असतो. लाइन तुटते, सेवा आपली मांडणी बदलते, काल मोफत असलेली सोय आज सशुल्क होते. शिक्षकाच्या हातात फार काही नसतं. म्हणून अशा प्रत्येक तासाला कागदावरची पर्यायी तयारी असावी.

सर्व्हरचे बिघाड शाळेतले असतात आणि बहुतेक टाळता येतात. वीज अचानक गेली की पायच्या मेमरी कार्डावरची फाइल-रचना खराब होऊ शकते आणि मग पाय पुन्हा सुरूच होत नाही. रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीला, पाय ४ ला, ५ व्होल्ट, ३ अँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त १५ वॅट लागतात. एवढ्याला लहान यूपीएस पुरतो. शाळा सुटताना पाय रीतसर बंद करा आणि कार्डाची तयार प्रत कपाटात ठेवा.

दुसरा बिघाड लवकर लक्षात येत नाही. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. इंटरनेट नसेल तर सुरू होताना तो जुनीच वेळ धरतो आणि सोमवारी सोडवलेली चाचणी मागच्या आठवड्यात नोंदली जाते. डीएस३२३१ हे छोटं घड्याळ-मॉड्यूल जोडलं की प्रश्न मिटतो. पाय ५ मध्ये घड्याळ आतच आहे, फक्त त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते.

तिसरा बिघाड मुलांच्या फोनमध्ये. वाय-फायवर इंटरनेट नाही असं दिसताच अनेक अँड्रॉइड फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात आणि शाळेतला पत्ता उघडत नाही. मुलांना वाटतं सर्व्हर बंद आहे. तासापुरता मोबाइल डेटा बंद करायला लावा.

खाती आणि माहिती

अनेक ऑनलाइन सेवांमध्ये स्वतःचं खाते उघडायला वयाची किमान अट १३ वर्षांची असते. लहान मुलांसाठी शाळेने दिलेलीच खाती हवीत आणि त्यांची माहिती बाहेर साठते याची पालकांना कल्पना हवी. लहान वयात पासवर्ड हा तासाचा मोठा शत्रू आहे. कोलिब्रीत विद्यार्थ्यांना पासवर्डशिवाय आत येऊ देण्याची सोय आहे, प्राथमिक वर्गांसाठी ती जरूर चालू करा. इथे माहिती शाळेतच राहते, पण ती वाचवायची जबाबदारीही शाळेवर येते. दर आठवड्याला बॅकअप काढून तो वेगळ्या जागी ठेवा.

कोणी काय घ्यावं

पूर्ण वर्गाची चाचणी लाइनने पार केली, वीज भरवशाची आहे आणि सर्व्हरकडे बघायला कोणीच नाही, तर थेट पद्धत घ्या. सर्व्हरला आठवड्याला तासभर देणारा एक नेमून दिलेला माणूस लागतो. तो नसेल तर डबा धूळ खात पडतो.

लाइन अधूनमधून तुटत असेल किंवा डेटा मोजून मिळत असेल, तर व्हिडिओ, सराव आणि संदर्भ सर्व्हरवर न्या आणि असेल ती लाइन लेखन व संवादाच्या तासांसाठी राखा. आमचं मत विचाराल तर लाइन चांगली असलेल्या शाळांनीही हीच विभागणी करावी. साठवणुकीचा अंदाज आधी घ्या: चित्रांसह संपूर्ण इंग्रजी विकिपीडिया सुमारे १०० जीबी होतो, कोलिब्रीतली व्हिडिओंची मोठी चॅनल (साहित्याचे संच) त्याशिवाय. २५६ जीबीच्या खाली जाऊ नका, आणि सगळं उतरवण्याच्या मोहात पडण्याऐवजी या सत्राला लागणारे धडे आधी घ्या. शिक्षकांनी बनवलेले व्हिडिओ आणि पीडीएफसुद्धा कोलिब्री स्टुडिओ या ऑनलाइन साधनात चॅनल करून, त्याचा टोकन (त्या चॅनलचा सांकेतिक शब्द) टाकून सर्व्हरवर आणता येतात. उतरवलेलं साहित्य आपोआप ताजं होत नाही. म्हणून दर सत्राच्या सुरुवातीला सर्व्हर एकदा लाइनला जोडून चॅनल नव्याने घ्या आणि उतरवल्याची तारीख डब्यावरच चिकटवून ठेवा.