५० की २४? पहिली प्राइम लेन्स घेताना

भाच्याकडे कॅननचा क्रॉप सेन्सरवाला, म्हणजे लहान सेन्सरचा, डीएसएलआर कॅमेरा आहे. सोबत आलेल्या किट लेन्सचा कंटाळा आलाय, आता प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स हवीय, पण ५० एमएम एफ १.८ घ्यावी की २४ एमएम एफ २.८, यावर गाडी अडलीय.

उजेडाच्या बाबतीत ५० सरळ पुढे. एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं; १.८ ला २.८ च्या जवळपास अडीचपट प्रकाश आत येतो. समईच्या उजेडात आजीचा फोटो काढताना आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० ऐवजी १३०० च्या आसपास भागतं. डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढेमागे किती भाग शार्प दिसतो, तीही हिच्यावरच पटकन कळते: १.८ ला डोळा शार्प, कान धूसर, ५.६ ला कानही बराच सावरतो.

जागेचं मात्र उलट: एमएमचा आकडा मोठा, तितकं चौकटीत कमी मावतं. क्रॉपवर ५० ची चौकट फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरवरच्या) ८० एमएमसारखी दिसते. दहा बाय बाराच्या खोलीत पाठ कपाटाला टेकली तरी सोफ्यावरचे चौघं मावत नाहीत! २४ तिथे ३८ सारखी वागते, शिवाय १६ सेंटीमीटर इतक्या जवळून फोकस होते. ५० ला ३५ लागतात.

वजनाला दोन्ही किरकोळ. पुढेमागे फुल फ्रेम डीएसएलआर घेतलाच, तर ५० चालेल, २४ नाही; ही २४ फक्त क्रॉपसाठी बनलेली आहे.

चेहरे आणि कमी उजेडातले फोटो हवे असतील त्याने ५० घ्यावी. घर, गल्ली, जेवणाचं ताट टिपणाऱ्याला २४ बरी. भाचा मांजराचे फोटो काढतो, तेही घरातच. त्याला मी २४ सांगितली.