गच्चीवरची ३ किलोवॉटची सौर यंत्रणा : रत्नागिरीतील दोन पावसाळ्यांचा अनुभव

समुद्र जिथून हाकेच्या अंतरावर आहे, अशा आमच्या रत्नागिरीतील घराच्या गच्चीवर ३ किलोवॉटची सौर यंत्रणा बसवून दोन पावसाळे उलटले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपयांचे अनुदान मिळाले. एप्रिलमधील स्वच्छ दिवशी १३ ते १४ युनिट वीज तयार होते, तर आषाढातील झडीत जेमतेम ३. मात्र लाइनकडून घेतलेली आणि लाइनला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या नेट मीटरमुळे उन्हाळ्यातील शिल्लक युनिट पुढील महिन्यांच्या बिलांत वळती होतात आणि वीजबिल बहुतेक वेळा स्थिर आकाराच्या आसपासच राहते. पॅनेलच्या सावलीमुळे स्लॅब कमी तापतो आणि वरच्या खोलीत आजींना आता दुपारी डोळा लागतो, हे समाधान मला बिलातील बचतीपेक्षा मोठे वाटते.

यंत्रणा बसवून देणाऱ्यांनी मात्र खाऱ्या वाऱ्याचा विचार केला नव्हता. सांगाड्याचे नटबोल्ट साधे लोखंडी होते. पहिल्या दिवाळीपर्यंत त्यांच्यावर तांबडी पूड धरली आणि एकाला पान्हा लावताच त्याचे डोके तुटून हातात आले. ते सर्व बदलून आम्ही खाऱ्या हवेत सहसा न गंजणाऱ्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे बसवले. किनाऱ्यावर पॅनेल घेताना खाऱ्या हवेत ते टिकते का हे पाहणारी क्षारफवाऱ्याची चाचणी (आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१७०१) झाली आहे का, हे अवश्य विचारावे. पाऊस काचा धुऊन काढतो, पण दसऱ्यानंतर त्यांवर मिठाचा चिकट थर बसतो. तो सकाळी, काच तापण्यापूर्वी, मऊ फडक्याने पुसावा लागतो. शेजारच्या माडाची सावली दुपारी साडेतीनला एका पॅनेलवर येई आणि एका ओळीत जोडलेल्या सर्वच पॅनेलांचे उत्पादन घसरे. माड तोडणे आम्हाला मान्य नव्हते, म्हणून सांगाडाच सहा फूट सरकवला.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हाला कोणी सांगितलीच नाही. जूनमधील वादळात भर दिवसा लाइन गेली आणि गच्चीवर पॅनेल असूनही घरातील पंखे थांबले. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा, लाइनला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइन बंद पडताच स्वतःहून थांबतो, कारण आपल्या गच्चीवरची वीज उलट तारांत गेली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतू शकते. हे योग्यच आहे. परंतु ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतील अनेक घरांनी कित्येक दिवस अंधारात काढले आहेत. तेथील ग्राहकाला बॅटरी आणि लाइन गेल्यावरही तिच्यावर घर चालवणाऱ्या हायब्रिड इन्व्हर्टरचा पर्याय आधीच समजावून सांगायला हवा. नगरपालिकेची पाणी योजना, दवाखाने आणि शाळा यांच्या छतांवर बॅटरीसह अशी यंत्रणा आली, तर वादळानंतरचे चार दिवसही शहर राहण्याजोगे राहील, असे मला मनापासून वाटते.

यंत्रणा जरूर बसवावी. मात्र सांगाड्याचा धातू, सावलीची पाहणी आणि लाइन गेल्यावर घरात काय चालू राहील, या तिन्ही गोष्टी दरपत्रकात लेखी घ्याव्यात. आम्ही येत्या मृगाआधी बॅटरी बसवत आहोत, निदान चार दिवे, दोन पंखे आणि फ्रिज चालेल एवढी.