जिनिंगच्या वजनकाट्यावरील संगणकप्रणाली: वापरानंतरचा अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कापसाच्या हंगामाआधी वजनकाट्याला संगणकप्रणाली जोडून घेतली. भरलेल्या गाडीचे वजन काट्यावरून थेट नोंदले जाते, गाडी रिकामी होऊन परतली की वजावट आपोआप होते आणि शेतकऱ्याच्या हाती छापील काटापट्टी पडते. हाताने लिहिलेल्या आकड्यांवरून होणारी हुज्जत त्यामुळे जवळपास थांबली, आणि माझ्या मते एवढ्यासाठीच हा खर्च सार्थकी लागला.

ओलाव्याची नोंद मात्र कच्ची आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत 8 टक्के ओलावा प्रमाण मानतात, 12 टक्क्यांच्या वरचा कापूस घेत नाहीत आणि मधल्या प्रत्येक टक्क्याला दर उतरतो. या प्रणालीत हा आकडा हाताने भरावा लागतो आणि नंतर कोणी तो बदलला, तर जुन्या आकड्याचा माग राहत नाही. शेतकऱ्याच्या पैशाशी थेट संबंध असलेल्या रकान्यात अशी पळवाट असणे मला गंभीर वाटते.

पुरवठादाराने यंत्रणा वेळेत बसवून दिली, पण काट्यावरच्या माणसाला नीट शिकवले नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर काम चालते. इंटरनेट तुटले की मात्र पट्टी निघत नाही आणि फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते. म्हणून हंगाम सुरळीत लागेपर्यंत आम्ही जुनी वही सोबत चालू ठेवली आणि रोज संध्याकाळी दोन्हींचा ताळा घेतला. ही प्रणाली घेणाऱ्यांनी इंटरनेटविना पट्टी काढून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.