घरकुलाच्या कर्जासाठी आईने तीनदा अंगठा दिला

पाड्यावरच्या लोकांनी हे वाचावंच. पण ज्यांची मुलं आमच्यासारखी शहरात कामाला आहेत आणि आई-बाप गावी एकटे आहेत, त्यांनी आधी वाचावं.

आमचा पाडा तळोदा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आम्ही भिल्ल. 2023 मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेतून आईच्या नावावर घरकुल मंजूर झालं. योजनेत सपाटीच्या भागाला 1 लाख 20 हजार मिळतात, डोंगराळ भागाला 1 लाख 30 हजार. रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार वेगळे. रक्कम ऐकायला मोठी वाटते, पण ती हप्त्या-हप्त्याने येते. काम वर गेलं, त्याचा फोटो काढून चढवला, की मग पुढचा हप्ता. तोवर वाळू, सिमेंट, सळई, गवंड्याची मजुरी ज्याची त्याने भागवायची.

आम्ही जुनं कुडाचं घर पाडलं. जोतं झालं, भिंती खिडकीपर्यंत आल्या आणि पैसा संपला. आई भिंतींच्या आत ताडपत्री बांधून राहत होती. जुन्या घराची सागाची चौकट तिने प्लास्टिकात गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती, नव्या घराला लावायची म्हणून.

तो माणूस नेमका तेव्हा आला. मोटारसायकल, गळ्यात ओळखपत्र, पाठीला बॅग. आईला नावाने हाक मारली आणि तुमचा एक हप्ता पडलाय, पुढचा येतोय, हेही सांगितलं. आईला वाटलं, सरकारी माणूस. कुणाला घरकुल मिळालं, किती हप्ते पडले, ही यादी नेटवर कुणालाही बघता येते, हे मला नंतर कळलं. त्याच्याकडे एवढीच माहिती होती, पण तेवढ्यावर विश्वास बसला. शिवाय तो अहिराणीत गोड बोलला, “माय, तू काही काळजी करू नको, दिवाळीपहिले तुनं घर उभं व्हई जाई.”

त्याने सांगितलं, घरकुलवाल्या बायांना गटाने 70 हजारांचं कर्ज, तारण नाही, व्याज कमी. हे पूर्ण खोटं असतं तर कुणीतरी शंका घेतली असती. पण लाभार्थ्याची इच्छा असेल तर 70 हजारांपर्यंत कर्ज मिळायला त्याला मदत करावी, असं योजनेच्या नियमांतच आहे. ग्रामसेवकाकडून हा आकडा बायांनी ऐकलेला होता. खऱ्या गोष्टीला त्याने आपली लबाडी चिकटवली.

अकरा बाया झाल्या. प्रत्येकीकडून दहा टक्के ‘मार्जिन’, म्हणजे कर्जाआधी भरायचा आपला वाटा, म्हणून 7 हजार रोख घेतले. एकीने दोन शेळ्या विकल्या. एकीच्या घरच्यांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतली, म्हणजे कर्ज मिळण्याआधीच त्यांचा हंगाम गहाण पडला. पावती म्हणून एक इंग्रजी छापलेला कागद दिला. आमच्या घरात भिली बोलतात, आई मराठीसुद्धा अडखळत वाचते.

मग त्याने बॅगेतून अंगठ्याची छोटी मशीन काढली. ‘केवायसी’, म्हणजे ओळख पटवणी, करायची म्हणाला. आईने अंगठा ठेवला. “लागत नाही माय, शेणामातीने रेषा गेल्या.” आई उठली, साबणाने हात धुतला, पदराला पुसला, पुन्हा ठेवला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा ‘झालं’ म्हणाला. आईने त्याला चहा पाजला. हे मला तिने स्वतः सांगितलं, आणि ते सांगताना ती स्वतःचा अंगठा चोळत होती.

आठवडाभराने फोन बंद. अकराव्या दिवशी मी रजा टाकून आईला घेऊन बँकेत गेलो. पासबुक छापलं, तर आईने अंगठा दिला त्याच दिवशी, त्याच दहा मिनिटांत तीनदा पैसे निघालेले, पुढे ‘एईपीएस’ लिहिलेलं. आधार आणि अंगठा असला की खात्यातून रोख काढता येते, तीच ही सोय. पहिल्या दोन वेळाही अंगठा लागलाच होता. भिंतींसाठी नुकताच आलेला हप्ता असा गेला. आणखी चार बायांच्या खात्यांतही तेच निघालं.

बँकेतल्या साहेबांनी विचारलं, “इतके दिवस काय करत होतात?” मला तो प्रश्न फार लागला, पण त्यात तथ्य होतं. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणे, आपली आणि बँकेची चूक नसताना तिसऱ्यानेच पैसे काढले आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर भुर्दंड आपल्यावर पडत नाही. उशीर होत गेला की हे संरक्षण कमी होतं. 1930 या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर फोनही पहिल्याच दिवशी करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

खरं गटकर्ज कसं असतं, तेही मी नंतर विचारून घेतलं. कर्ज देणारी कंपनी आधी आपल्याकडून मार्जिन मागत नाही. मायक्रोफायनान्सचं, म्हणजे गरीब घरांना मिळणारं हे छोटं कर्ज बिनतारणच असतं. 2022 पासून नियम आहे की व्याज, फी, विमा सगळं एका तक्त्यावर लिहून द्यायचं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. इंग्रजी कागद पुढे आला, तिथेच आमच्या बायांनी उठायला हवं होतं. त्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मी सांगायला हवं होतं.

त्या लबाड माणसाने दोघींच्या कोऱ्या स्टँप पेपरवर सह्याही घेतल्या होत्या. त्या दोन घरांत महिनाभर कुणी नीट जेवलं नाही, जमीन गेली म्हणून. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीच्या नावावर होत नाही, हे तलाठ्याने सांगितलं तेव्हा त्यातली म्हातारी रडायला लागली. तरीही आम्ही त्या स्टँपची नोंद तक्रारीत करून घेतली.

तक्रार अकरा जणींनी मिळून दिली. एकेकटीला परत पाठवत होते, अकरा जणी बसल्या तेव्हा लिहून घेतली. पोचपावती माझ्याकडे आहे. पैसे अजून आलेले नाहीत. पुढच्या कामासाठी मी दुकानातून पगाराची उचल घेतली, भिंती आता चौकटीच्या वर गेल्यात, सागाची चौकट बसली.

आईच्या आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याने ओळख पटवायची सोय, आता लॉक आहे. आधारच्या मोफत ॲपमधून ते होतं. पैसे काढायचे असले की ती मला फोन करते, मी शहाद्यातून लॉक उघडतो, ती अंगठा देते, स्लिप शेजारच्या पोराकडून वाचून घेते आणि आकडा मला सांगते. मग मी पुन्हा लॉक करतो.