कॅलगरीच्या वाफ्यावरचं पांढरं कापड: एप्रिल ते ऑक्टोबर वापरल्यानंतर

घरची भेंडी खायला मिळेल या आशेने हे कापड घेत असाल तर घेऊ नका. मेथी, मुळा, पालक यांच्यासाठी घेत असाल तर डोळे झाकून घ्या.

मी रो कव्हरबद्दल बोलतेय. न विणलेलं, ३० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला ३० ग्रॅम वजनाचं) पांढरं कापड, वाफ्यावर कमानी रोवून त्यावर अंथरायचं. एप्रिलमध्ये घेतलं, आता ऑक्टोबरात धुऊन गॅरेजमध्ये टांगलंय.

कॅनडातलं कॅलगरी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच. टोमॅटोची रोपं बाहेर लावायची ती मे महिन्यातली व्हिक्टोरिया डेची सुट्टी उलटल्यावर, असा इथला रिवाज. सप्टेंबरच्या मध्यावर फ्रॉस्टची, म्हणजे रात्री रोपं गोठण्याची, धास्ती पुन्हा सुरू. ऐन जुलैतही रात्री पारा १०-११ अंशांवर येतो, आणि भेंडी-गवारीला रात्रीचीच ऊब लागते. ती या कापडाच्या हातात नाही. ते ऊब तयार करत नाही, दिवसभर तापलेल्या मातीतली ऊब फक्त धरून ठेवतं. म्हणून रात्री जेवणं उरकल्यावर झाकायला जाण्यात अर्थ नसतो, वाफ्यावरचं ऊन हटायच्या आत झाकावं लागतं. माती ओलसर असेल तर आणखी बरं. एवढं करून दोनेक अंशांचा फरक पडतो. उणे एक-दोनला रोपं तगतात, उणे पाचला देवच वाली. कापडाला टेकलेलं पान मात्र हमखास जातं. टोमॅटोच्या शेंड्याचं टेकलेलं पान सकाळी काळपट, उकडल्यासारखं मऊ पडलेलं दिसतं आणि खालचं सगळं झाड टवटवीत असतं. त्यामुळे कमानी उंच हव्यात.

एप्रिलअखेर पेरलेली मेथी जूनच्या सुरुवातीला खुडता आली. पालकाचं गणित निराळं. जूनमध्ये इथे दिवस साडेसोळा तासांचा होतो आणि चौदा तासांच्या पुढे दिवस गेला की पालक पानं सोडून फुलोऱ्याच्या मागे लागतो. त्यावर कापडाचा उपाय नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा पेरला, सप्टेंबरपासून रोज संध्याकाळी झाकला आणि ऑक्टोबर उजाडला तरी डाळपालक घरचा. पैसे वसूल झाले ते इथे. (चाकवत पेरायची गरजच नाही. इथे तो तण म्हणून उगवतो, शेजारी उपटून फेकतात. आमच्याकडे ताकातली पातळ भाजी होते.)

कोबी-नवलकोलावर कापड लावणीपासूनच ठेवलं, कडा दाबून. पांढऱ्या फुलपाखरांना आत शिरायला वाव नाही, त्यामुळे हिरव्या अळ्या वेचायचं काम वाचलं. काकडीवरून मात्र फुलं येताच काढावं लागतं, नाहीतर मधमाश्या येणार कुठून?

आता तक्रारी. सोबत आलेल्या प्लास्टिकच्या चिमट्यांना इथला वारा झेपत नाही. मी कडेला दगड आणि जुनी लाकडं ठेवली. जूनच्या दुपारी आत भट्टी होते, त्यामुळे सकाळी उघडा, संध्याकाळी झाका ही ड्यूटी लागते. आणि गारा. ५ ऑगस्ट २०२४ च्या गारपिटीत या शहरात विमा उतरवलेल्या मालमत्तेचं नुकसानच सुमारे तीन अब्ज डॉलरचं झालं, तिथे या कापडाची काय कथा! यंदाच्या साध्या गारांनीही त्याला भोकं पाडली. गारांसाठी वेगळी जाळी घ्या. टोमॅटो सब-आर्क्टिक प्लेंटीसारखा लवकर येणारा लावलात तर त्याला कापड फक्त हंगामाच्या दोन्ही टोकांना लागतं.

घेताना रुंदी बघा. चार फुटी वाफ्यावर दोन फूट उंच कमान घातली की नुसत्या कमानीलाच सव्वासहा फूट कापड लागतं, वर दोन्ही बाजूंना दाबायला फूट-फूट हवं. दुकानात सहा फुटीच आधी दाखवतात. दहा फुटी मागा, जास्तीचं दुमडून दगडाखाली जातं.