करारावरची अभ्यासपुस्तिका: उत्पत्ती १५ साठी घ्याच

करार आणि कृपा या विषयावरची ही गट-अभ्यासाची पुस्तिका बायबलमधल्या उत्पत्ती १५ च्या, म्हणजे देवानं अब्रामाशी (पुढे अब्राहाम) केलेल्या कराराच्या, धड्यासाठी घ्यावीच. अब्रामानं कालवड, शेळी आणि एडका, तिन्ही तीन वर्षांची, दुभागून समोरासमोर मांडली. पाखरं मात्र चिरली नाहीत, इतकं बारकाईनं ती वाचायला लावते. मग यिर्मया ३४:१८ उघडायला सांगते: करार करणारे त्या तुकड्यांमधून जात. इथे तर अब्राम गाढ झोपेत, आणि मधून जाते धुमसती शेगडी व जळती मशाल, म्हणजे देवाची खूण. करार पाळण्याची हमी देवानं एकट्यानं घेतली! याहून मोठा दिलासा कोणता?

हागारेचा, म्हणजे अब्रामाच्या मुलाची आई झालेल्या दासीचा, धडा ठीक. पौलाच्या पत्रातली, गलतीकरांस ३:१७ मधली ४३० वर्षं, म्हणजे अब्राहामाला वचन आधी आणि मोशेचं नियमशास्त्र नंतर, दोन ओळींत उरकली आहेत. रोमकरांस ४:१० तर नाहीच. सुंतेआधीच अब्राहाम नीतिमान ठरला हा मुद्दा त्याविना लंगडा पडतो.

शेवटचा ‘रोजची प्रगती’ तक्ता सरळ वगळा. प्रार्थना किती, उपास किती याच्या खुणा सुरू झाल्या की गट पुन्हा स्वतःच्या कमाईवर येतो. त्या वेळात रोमकरांस ४ मोठ्यानं वाचा.