‘नवशिक्यांचं’ नको म्हणालो आणि फसलो

इंग्लंडमधल्या लेस्टरला येऊन वर्ष झालं तरी सिगारेट सुटत नव्हती. इथली सरकारी आरोग्यसेवाच सिगारेट सोडायला व्हेपचा, म्हणजे निकोटिनच्या द्रवाची वाफ देणाऱ्या ई-सिगारेटचा, पर्याय सुचवते, म्हणून एका शनिवारी मार्केटजवळच्या एका दुकानात शिरलो. दुकानाचं नाव लिहीत नाही.

मी बोट दाखवलं ते ३५ पौंडांच्या चिपवाल्या डबीकडे. दुकानदार हिंदीतच सुरू झाला. परदेशात आपली भाषा कानावर पडली की माणूस निम्मा विरघळतो, तसं माझं झालं. म्हणाला, “भाईसाब, ते नवशिक्यांचं. चिप आज ना उद्या जळणारच. हे घ्या, यात बिघडण्यासारखं काहीच नाही.” हातात तांब्याची नळी ठेवली. जड, देव्हाऱ्यातल्या समईसारखी चकचकीत. सोबत दोन सेल, वर छापलेलं: ४० अँपिअर (म्हणजे एवढी वीज झेपते), ९९०० एमएएच (म्हणजे एवढी वीज साठते). एकूण ८५ पौंड. रोख दिले तर ५ कमी. मी रोख दिले. पावती मागितली नाही.

बिघडण्यासारखं काही नाही हे त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. त्या नळीत काहीच नव्हतं. चिपवाली डबी कॉइलचा, म्हणजे द्रव तापवणाऱ्या तारेचा, रोध मोजते, शॉर्ट झालं तर वीज तोडते, बटण दाबलं गेलं तरी काही सेकंदांनी आपोआप बंद होते, सेल फार उतरला की थांबते. नळीत सेल थेट कॉइलला जोडलेला. किती वीज ओढायची हे ठरवणारं मध्ये कोणी नाही. हिशोब आपणच करायचा, आणि तो मला दुकानात कोणी सांगितला नव्हता. त्याने बसवून दिलेली कॉइल ०.१५ ओहमची होती. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. भागून बघा: २८ अँपिअर, तेही सेलवर छापलेल्या ४०च्या भरवशावर. शाळेत ओहमचा नियम पाठ करून पाच मार्क मिळवले होते, तो इथे कामाला आला नाही.

नवव्या दिवशी बसमध्ये जॅकेटच्या खिशातून गोडसर जळका वास आला. बटणाला लॉक नव्हतं, खिशात ते दाबलं गेलं होतं. नळी बाहेर काढली तर इस्त्रीसारखी तापलेली. तळहात भाजला. पुढच्या स्टॉपवर उडी मारून ती फुटपाथवर टाकली. फुस्स करून धूर निघाला. तळाला गॅस जायला दोन बारीक भोकं होती म्हणून फक्त धूर. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये व्हेप फुटून माणसं दगावली, हे मी त्या रात्री वाचलं. आधी वाचायला हवं होतं, पण तेव्हा मी व्हिडिओत धुराची वलयं बघत होतो.

माझा रूम-पार्टनर सांगलीचा, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमावाला. त्याने उरलेला सेल स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवला. ३१ ग्रॅम. “अरे भावा, या मापाचा चांगला सेल ४५च्या आसपास भरतो. आणि ९९०० म्हणे! यात साडेतीन हजाराच्या वर फारसं कोणाला जमत नाही.” वरचं प्लॅस्टिक सोललं तर आत दुसरं, जुनं प्लॅस्टिक. चार्जरवर मोजला तेव्हा ११०० भरला. कुठल्यातरी लॅपटॉपमधून काढलेला वापरलेला सेल, नवं झबलं घालून मला विकलेला.

परत गेलो तर तोच माणूस आता इंग्रजीत बोलत होता. “यू ड्रॉप्ड इट.” इथल्या २०१५च्या ग्राहक कायद्यात सदोष वस्तू ३० दिवसांत परत करता येते, पण विकत घेतल्याचा पुरावा लागतो. कार्डाने दिले असते तर बँकेचं स्टेटमेंट तरी दाखवलं असतं. ५ पौंडांची सूट मला ८० पौंडांना पडली. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे दुकानदारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, तक्रार नोंदवली आहे. आता चिपवाली साधी डबी वापरतो, द्रवाची टाकी २ मिलिची, निकोटिन दर मिलिला २० मिग्रॅच्या आत, जेवढी इथल्या नियमात बसते तेवढीच. ज्यांनी सिगारेट कधी ओढलीच नाही त्यांनी या भानगडीत पडायचं कारण नाही.

पुण्याचा चुलतभाऊ परवा म्हणाला, “दादा, येताना एक आण की. इथे मिळतात, पण भरवशाचे नसतात.” भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री, साठा सगळंच बंद आहे; आणताना पहिल्यांदा सापडलो तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे तिथे कॉलेजबाहेर जे विकलं जातं ते सगळंच बेकायदा. आतला सेल कसला, हे तपासणारा कोणी नाही, आणि हात भाजला तर तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार?

त्याला तळहाताचा फोटो पाठवला.